दिले तेवढेच घेणारे कटरेजी

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. सकाळी धुके होते, मग ऊन पडले. मुर्रीच्या रस्त्याने धानाची पोती भरलेले ट्रॅक्टर दिवसभर जात होते. जेवणाचा डबा आला, थोडे खाल्ले. दुपारी बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमाने रोजच्यासारखी डोक्यावरून गेली. रायपूरहून मुलीचा फोन आला. जेवलात का, असे तिने विचारले; जेवलो, असे सांगितले. उन्हे उतरताना गौरव समितीचे चिटणीस तुरकर सर घरी आले. सगळ्यांचे लेख आले, फक्त तुमचा राहिला, उद्या छपाईला द्यायचे आहे, असे म्हणाले. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

श्री. हिरामणजी कटरे यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते आणि मी दप्तर कारकून. माझी बहुतेक नोकरी त्यांच्यासोबत इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेली. त्यांच्यावर लिहिण्याचा मान मला दिला, हे मी समितीचे उपकार समजतो. पण एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. माझी पत्नी निर्मला भाद्रपदात वारली. या लेखात तिचे नाव येईल. ते टाळून मला कटरेजींविषयी लिहिता येणार नाही, कारण तिच्या संबंधाने कटरेजींनी माझ्याजवळ काही मागितले आहे आणि मी ते अजून दिलेले नाही. गौरवाच्या लेखात असे घरचे दुःख आणू नये हे मला कळते. वाचकांनी समजून घ्यावे.

तुरकर सरांनी जाताना सांगितले होते, "बाबूजी, सर्वधर्मसमभावावर लिहा. भाषणवाले तेच बोलणार आहेत, तर मेळ बसेल." मी हो म्हटले. पण लिहायला बसल्यावर लक्षात आले की तो शब्द कटरेजींच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही.

त्यांची पहिली भेट मला नीट आठवते. मी नवा रुजू झालो होतो. आमच्या साहेबांचे म्हणणे असे की, कारकुनाने पाण्याची पाळी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, मग टेबलावर बसावे. म्हणून त्यांनी मला कटरेजींबरोबर सकाळी कालव्यावर पाठवले. उन्हाळी धानाचे दिवस होते. कालव्याच्या चौकीजवळ कटरेजींनी सायकल लावली, पाण्याशी उतरले आणि तोंड, हात कोपरापर्यंत, मग पाय, असे क्रमाने धुतले. कोणी मुसलमान माणूस नमाजाआधी धुतो तसे. गळ्यात मात्र तुळशीची माळ होती. वर आले आणि जवळच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मी नुकताच कॉलेजातून आलेला. विचारले, "साहेब, तुम्ही नेमके कोण?"

ते म्हणाले, "आधी चप्पल काढा बाबू, मंग विचारा. झाडाखाली उभे आहा तुम्ही."

मी चप्पल काढली. त्यानंतर विचारायचे राहूनच गेले. उत्तर मला पुढे हळूहळू मिळाले, आणि तेही त्यांच्याकडून कमी, त्यांच्या माणसांकडून जास्त.

ते झाड मनीराम उईके यांचे. म्हणजे त्यांनी लावलेले नव्हे. उईके त्या चारीवरचे पाटकरी होते, कालव्याची राखण करणारे. गोंड समाजात साजाच्या झाडाला देवाची जागा मानतात. उईक्यांच्या आज्याने त्यांना सांगितले होते की साजाखाली खोटे बोलायचे नाही, आणि त्यांनी ते जन्मभर पाळले. पाण्यावरून भांडण झाले की कटरेजी दोन्ही पक्षांना त्या झाडाखाली आणत.

एकदा चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याने तक्रार केली की वरच्या शेतकऱ्याने पाट फोडून पाणी वळवले. वरचा शेतकरी पोवार समाजातला, बऱ्यापैकी जमीनवाला. तो झाडापर्यंत आला आणि हसायला लागला.

"मी काय गोंड हाओ का जी, झाडाले भ्याले?"

कटरेजी म्हणाले, "मीबी पोवारच हाओ. मी भेतो."

उईके बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "नोको भेऊ गा. नुसतं इथं उभं राहून सांग, पाट फोडला का नाई."

तो माणूस थोडा थांबला. मग दोन पावले मागे सरकला, सावलीबाहेर उन्हात गेला आणि तिथून मोठ्याने म्हणाला, "मी नाई फोडला!"

सगळे हसायला लागले. शेवटी तोसुद्धा हसला. उईके म्हणाले, "पाय खरे बोलले बाप्पा तुहे." पुढची पाळी शेवटच्या शेतकऱ्याला मिळाली आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. मी कचेरीत पुष्कळ चौकशा पाहिल्या, पण एवढी लवकर मिटलेली दुसरी पाहिली नाही.

कटरेजींनी ते झाड आपले केले ते उईक्यांना विचारून. हे मला उईक्यांनीच सांगितले. "साहेब मले म्हनाले, मनीराम, तुयं हे मी घेऊ का? मी म्हटलं, झाड माह्यं नोहोय साहेब. पन माह्या आज्यानं मले सांगतलं तसं मी तुमाले सांगतो." उईके गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. कटरेजींच्या अंगणात त्यांनी स्वतः वाढवलेले साजाचे झाड आहे. रोज सकाळी ते त्याला हात लावतात आणि मनीरामचे नाव घेतात. महत्त्वाची कोणतीही गोष्ट, मुलीचे लग्न असो की शेताची वाटणी, घरात बसून ठरवत नाहीत, तिथे येऊन ठरवतात.

हात धुणे करीमचाचांचे. चाचा कालव्याच्या दारांचे फिटर होते. दारांच्या आट्यांना ग्रीस लावता लावता त्यांचे हात काळे झालेले असत, आणि दुपारी तेच हात ते एवढे स्वच्छ धूत की पाहत राहावे. कटरेजींनी त्यांनाही विचारले. चाचा म्हणाले, "पानी किसी के बाप का है क्या, साहब? धोइये. लेकिन कोहनी तक धोना. आधा धोकर मेरा नाम खराब मत करना."

यावरून कटरेजींच्या भाऊबंदांत बोलणी झाली. एकाने त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या आईसमोर विचारले, "हिरामण आता मियाँ झाला काय?" आई तुळशीला पाणी घालत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "हातपाय धुतल्यानं कोनी बाटते काय रे? तूबी धूत जा. पायाकडं पाहा आपल्या."

चाचांच्या मातीला कटरेजी गेले तेव्हा मी बरोबर होतो. ते सगळ्यांच्या मागे, कब्रस्तानाच्या हद्दीबाहेर उभे राहिले. चाचांच्या मुलाने येऊन आत बोलावले. "अंदर आइये ना, साहब." कटरेजी म्हणाले, "धोना उन्होंने दिया था, मिट्टी देना नहीं दिया. तुम कहोगे तो आऊँगा." मुलाने त्यांचा हात धरून नेले. कटरेजींनी मूठभर माती दिली आणि परत येताना कालव्यावर थांबून कोपरापर्यंत हात धुतले.

वाचकांच्या आता लक्षात आले असेल. कटरेजींनी पुस्तकातून काही घेतले नाही. देवळात, मशिदीत, विहारात जाऊन काही निवडून आणले नाही. ज्या माणसाजवळ ती गोष्ट होती त्याच्या दारात गेले, चप्पल बाहेर काढली आणि मागितले. त्याने दिले तर तेवढे घेतले. तो माणूस गेला की त्याच्या वाटचे ते करत राहिले. त्यांची सकाळची प्रार्थना म्हणतात ती मी अनेकदा पाहिली आहे. हातपाय धुणे, झाडाला हात लावणे, आईने सांगितलेले तुळशीचे पाणी, आणि एक वाक्य. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात होते. त्यात देवाचे नाव क्वचित येते. माणसांची नावे येतात.

ते एक वाक्य सुखदेव रामटेके यांचे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

रामटेके आमच्या कचेरीत मोजणीदार होते. बौद्ध, वाचन चांगले, बोलणे रोखठोक. कटरेजींचे आणि त्यांचे रोज पटत असे आणि रोज वाजत असे. कचेरीत जयंतीला रामटेके पंचशील म्हणत, आम्ही सगळे उभे राहत असू. एका जयंतीनंतर कटरेजी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, यातले मला काही द्याल का? मीही बरोबर होतो, चहा व्हायचा होता.

रामटेके म्हणाले, "नाही देत."

कटरेजी म्हणाले, "बरं."

रामटेक्यांना राहवेना. म्हणाले, "राग मानू नका कटरे. पण तुमच्याकडं जे येते ते आत जाऊन तुमचंच होऊन जाते. शील म्हणजे काय भाजीची जुडी आहे, एक घेतली अन् घरी नेऊन तुळशीपाशी ठेवली? आमच्या लोकायनं बाहेर निघाले पिढ्या घालवल्या. तुम्ही चांगल्या मनानं मागता हे मले मालूम आहे. तरी नाही देत."

"बरं म्हटलं ना जी," कटरेजी म्हणाले. "चहा देता का तोबी नाही?"

तेव्हा रामटेक्यांच्या पत्नी आतून हसल्या आणि चहा आला. पण पुढे मी एक पाहिले. जयंतीला पंचशील सुरू झाले की कटरेजी हात जोडून उभे राहत आणि ओठ मिटून घेत. इतक्या वर्षांत ऐकून त्यांना ते सगळे पाठ झाले असणार. तरी एक शब्द म्हणत नसत. मी एकदा म्हटले, मनात म्हणायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "मनातलं घेतलं तेबी घेतलंच ना बाबू."

निवृत्तीनंतर रामटेके आजारी पडले. किडन्यांचा आजार होता. आम्ही दोघे भेटायला जात असू. एका भेटीत ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "कटरे, एक देतो. दुसरं. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, हे. बाकीचे चार नाही."

कटरेजींनी विचारले, "आता काऊन?"

"तुम्ही ते आधीच पाळून राहिले म्हणून. अन् आणखी असं का, मी आजवर नुसतं म्हणत होतो. या खाटेवर पडलो तेव्हा थोडं थोडं पाळाले लागलो. आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याले कसं देणार माणूस?"

कटरेजी उठले आणि त्यांच्या पायांना हात लावला. रामटेके ओरडले, "हे काय, हे काय! हे नाही सांगतलं मी!" आम्ही तिघेही हसलो. रामटेके त्या उन्हाळ्यात गेले. कटरेजी आजही तेवढे एकच शील म्हणतात. बाकीच्या चारांवर ओठ मिटलेले.

यावरून समितीतला एक प्रसंगही सांगतो. तुरकर सर रागावणार नाहीत, कारण ते स्वतःच हसून सांगतात. या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर सगळ्या धर्मांची चिन्हे गोलाकार छापायचे ठरले होते. नमुना घेऊन सर कटरेजींकडे गेले. कटरेजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सर, सुंदर आहे. पन यातलं एकबी मले कोनी देल्लं नाही."

"मग काय छापू जी?"

"मनीरामचं झाड छापा. नाही तर कोरं ठेवा. कागद खराब नाही होणार."

मुखपृष्ठावर झाड का आहे, हे वाचकांना आता कळेल.

आता माझ्या घरचे लिहितो.

कालव्यावरून उशीर झाला की कटरेजी आमच्याकडे जेवून जात. निर्मला स्वयंपाकाला लागली की ते ओट्याजवळच्या पाटावर बसत आणि दोघे बोलत राहत. मी कमी बोलणारा, त्यामुळे घरात बोलणे होते ते त्यांच्यामुळे. निर्मलाची एक सवय होती. तांदूळ मापून घेतले की त्या मापातले चिमूट दोन चिमूट दाणे ती परत कोठीत टाकायची, हात डोळ्यांना लावायची आणि मग झाकण लावायची. माझ्या आईने तिला ते सांगितले होते. सगळे घेऊ नये, थोडे परत ठेवावे, एवढेच आई म्हणायची. मला त्यात कधी काही विशेष वाटले नाही. घरात ते होत असे, जसे अंगणात सडा होत असे.

निर्मला नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा कटरेजी पहाटेची गाडी धरून येत. त्यांची स्वतःची तब्येत बरी नव्हती. डॉक्टरांनी त्यांना जिने चढू नका म्हणून सांगितलेले. तरी ते थर्मासमध्ये पेज घेऊन येत, कारण तेवढेच तिच्या पोटात राहत असे. वॉर्डात एकालाच सोडत. मी आत असलो की ते बाहेर बाकावर बसून राहत, संध्याकाळच्या गाडीने परत जात. काही दिवस त्यांची तिची भेटही होत नसे. मी म्हटले, कशाला त्रास घेता? ते म्हणाले, "बाहेर कोनी आहे हे आतल्याले मालूम असलं पाहिजे."

एक दिवस नर्सबाईंनी दोघांनाही आत सोडले. निर्मला जागी होती. कटरेजींनी चपला दाराबाहेर काढल्या. मला वाटले दवाखान्याचा नियम म्हणून काढल्या.

ते म्हणाले, "वहिनी, एक विचारू का?"

"विचारा ना भाऊजी. मी कुठं पळून जाऊन राहिली?"

"तांदूळ घेतल्यावर तुम्ही थोडे परत कोठीत टाकता. ते मले द्याल?"

निर्मला हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "इतक्या वर्षांनी आता मागता?"

"आतापर्यंत मागाचं काम नव्हतं. तुम्ही करतच होत्या."

डॉक्टरांनी मला जे बाजूला घेऊन सांगितले होते, ते तिलाही माहीत आहे, हे मला त्या वेळी कळले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग त्यांना म्हणाली, "ते माझं नाही भाऊजी. सासूबाईंचं आहे, म्हणजे यांच्या घरचं. माझ्यामागं यांनाच मागा. तांदळाची कोठी कुठं आहे ते यांना सापडलं तर देतील."

"सापडंल," कटरेजी म्हणाले. "मी दाखवून देईन."

तेरवीच्या दिवशी मंडळी जेवून गेली तेव्हा कटरेजी मागे राहिले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाबू, वहिनीनं तुम्हाले मागाले सांगतलं होतं." त्यांना आणखी काही सांगावे लागले नाही.

मी म्हणालो, "नाही जी."

ते म्हणाले, "बरं." हात जोडले आणि बसस्टॉपकडे गेले.

मी नाही का म्हटले, ते थोडक्यात सांगतो. कटरेजींच्या सकाळच्या त्या नावांमध्ये जी माणसे आहेत ती सगळी गेलेली आहेत. मनीराम, करीमचाचा, सुखदेव, त्यांची आई. मी हो म्हटले असते तर दुसऱ्या दिवसापासून निर्मलाचे नाव त्यांत आले असते. मला ते ऐकवणार नव्हते. घरात तिची चप्पल दाराशी तशीच होती. तसे नाही म्हटल्याचा मला पश्चात्तापही नाही. त्या दिवशी तेच खरे होते. कटरेजींनाही ते समजले असावे, कारण त्यानंतर ते पूर्वीप्रमाणेच दर रविवारी येत राहिले, बसत राहिले, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेलो होतो. घरची सगळी माणसे मळणीसाठी शेतावर होती. कटरेजी म्हणाले, आज मीच भात लावतो. त्यांचा हात आता कापतो. कोठीतून माप भरून काढले तेव्हा थोडे तांदूळ खाली सांडले, ते त्यांनी वेचून घेतले. मग मापातून चिमूटभर दाणे उचलले. हात कोठीवर नेला. आणि तिथे तो थांबला.

मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी पाहतो आहे हेही त्यांना माहीत नसावे. काही वेळ तो कापता हात कोठीच्या तोंडावर तसाच राहिला. मग त्यांनी ते दाणे परत मापात टाकले आणि सगळे तांदूळ धुवायला घेतले.

आम्ही भात खाल्ला. सोबत वांग्याची भाजी होती. त्यांनी नव्या धानाचा विषय काढला, यंदा उतारा बरा आहे म्हणाले. मी हो हो म्हणत राहिलो. जगात कोणालाही विचारावे न लागणारी ती गोष्ट, घराघरांत बायका करतात ती. ते घरात एकटे होते, स्वतःचे तांदूळ होते. तरी त्यांनी ती केली नाही, कारण मी दिली नव्हती.

घरी येताना मला रामटेके आठवले. आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याला कसे देणार, असे ते म्हणाले होते. निर्मला गेल्यापासून मी तांदळाची कोठी उघडलेली नाही. डबा लावला आहे. मुलगी येते तेव्हा ती आपल्या पद्धतीने करते. आईचे जे निर्मलाकडे आले ते निर्मलाबरोबर थांबले. आज कटरेजींनी पुन्हा मागितले तरी माझ्याजवळ ते कुठे आहे? हे त्या दिवसापासून माझ्या मनात आहे आणि ते मी कोणाला सांगितले नव्हते.

गौरवग्रंथात शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. माझ्या शुभेच्छांत माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो. कटरेजींना पुष्कळ आयुष्य लाभावे. त्यांच्या हाताचे कापणे कमी व्हावे, छातीचे दुखणे थांबावे, जिने चढता यावेत. ते आहेत तोवर मनीराम रोज झाडापाशी येतात, करीमचाचांचे नाव खराब होत नाही, रामटेके एका वाक्यापुरते का होईना बोलतात. अजून एका माणसाला तिथे जागा हवी आहे, आणि ती जागा बरीच वर्षे राहावी अशी माझी इच्छा आहे. समारंभाच्या दिवशी शाल आणि श्रीफळ समितीतर्फे दिले जाईल. त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारात जाईन. चप्पल बाहेर काढीन. या वेळी त्यांना मागावे लागणार नाही.

एवढे लिहून झाल्यावर तुरकर सरांना फोन केला की लेख सकाळी घेऊन जा. डबेवाल्या बाईंना सांगितले की आज रात्रीचा डबा नको. मग स्वयंपाकघरात गेलो. कोठी फळीखाली, पिठाच्या डब्यामागे होती. तांदळात सोंडकिडे झाले होते. ताटात काढून दिव्याखाली निवडले, पाखडले, परत भरले. निर्मलाचे माप कोठीतच होते. एका माणसाला किती लागतात याचा अंदाज नव्हता, अर्धे माप घेतले. त्यातले थोडे दाणे परत टाकले, हात डोळ्यांना लावला, झाकण लावले आणि गॅस पेटवला.